घरच्या कॉम्प्युटरसाठी सुरक्षा सॉफ्टवेअर कसे निवडावे: नागपूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सीताबर्डीत किंवा धंतोलीत नवा लॅपटॉप घ्यायला गेले की बिल होण्याआधी दुकानदार एक प्रश्न हमखास विचारतो: "भाऊ, सोबत अँटिव्हायरस टाकून देऊ का?" बहुतेक ग्राहक होकार देतात, वर्षभराचे पैसे भरतात आणि त्यानंतर त्या सॉफ्टवेअरकडे पुन्हा पाहत नाहीत. वर्ष संपते, स्क्रीनच्या कोपऱ्यात मुदत संपल्याची सूचना येऊ लागते, घरातले कोणीतरी ती प्रत्येक वेळी बंद करते आणि कॉम्प्युटर तसाच वापरात राहतो. घरगुती कॉम्प्युटर असुरक्षित राहतो तो बहुतेक वेळा चुकीचे उत्पादन निवडल्यामुळे नव्हे, तर निवडीआधी कॉम्प्युटरची स्थिती न तपासल्यामुळे आणि निवडीनंतर संरक्षण खरोखर चालू आहे की नाही याची खात्री न केल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे या लेखात कोणते उत्पादन घ्यावे हा प्रश्न मध्यावर येतो. त्याच्या आधीच्या पायऱ्या वगळून थेट तिथे जाऊ नये, अशी विनंती आहे.

पहिली पायरी: घरात कॉम्प्युटर कोण आणि कशासाठी वापरतो, ते लिहून काढा

एका कागदावर घरातील प्रत्येकाचे नाव आणि त्याचे कॉम्प्युटरवरील काम लिहावे. इतवारी किंवा गांधीबागेत दुकान असलेल्या कुटुंबात टॅलीचा हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रे घरच्याच कॉम्प्युटरवर होतात. विद्यार्थ्यांच्या घरात परीक्षेचे अर्ज, प्रकल्प अहवाल आणि ऑनलाइन वर्ग असतात. मुले पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला गेलेल्या घरात आईवडील नेटबँकिंग, पेन्शनची कामे आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढ्यासाठीच लॅपटॉप उघडतात. या तिन्ही घरांचे धोके वेगळे आहेत आणि म्हणून त्यांची गरजही वेगळी आहे.

त्यानंतर बाहेरून फाइली कोणत्या मार्गाने आत येतात ते पाहावे. आपल्याकडे यातला सर्वांत दुर्लक्षित मार्ग म्हणजे पेन ड्राइव्ह. कॉलेजचा अहवाल छापायला झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह दिला जातो, तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभरात शेकडो पेन ड्राइव्ह लागलेले असतात आणि परत आल्यावर आपल्या फोल्डरच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात. असे शॉर्टकट उघडले की हानिकारक प्रोग्राम चालू होतो. मूळ फाइली बहुधा त्याच पेन ड्राइव्हमध्ये लपवलेल्या स्थितीत शाबूत असतात, त्यामुळे घाबरून लगेच फॉरमॅट करू नये. आधी स्कॅन करावे आणि मग फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करून त्या परत मिळवाव्यात. छपाईसाठी शक्य असेल तिथे पेन ड्राइव्हऐवजी दुकानदाराच्या ई-मेलवर पीडीएफ पाठवावी. मात्र त्यासाठी आपल्या खात्यात त्याच्या कॉम्प्युटरवरून लॉगइन करू नये. घरून किंवा स्वतःच्या मोबाइलवरूनच ती पाठवावी.

दुसरा मार्ग फुकट मिळवलेल्या सॉफ्टवेअरचा आहे. मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, फाँटचे संच, फोटो संपादनाचे प्रोग्राम किंवा खेळ यांच्या 'क्रॅक' (परवान्याचे कुलूप तोडलेल्या) आवृत्त्या ज्या ठिकाणांहून उतरवल्या जातात, तिथूनच फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारी रॅन्समवेअर आणि ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम मोठ्या प्रमाणावर पसरतात. अशा क्रॅकच्या सूचनांमध्ये "आधी अँटिव्हायरस बंद करा" असे लिहिलेले असते आणि वापरणारा ते स्वतःच्या हाताने बंद करतो. ज्या घरात ही सवय आहे, तिथे कितीही महागडे सॉफ्टवेअर आणले तरी त्याचा उपयोग मर्यादितच राहणार, हे आधीच समजून घ्यावे. साध्या मराठी टायपिंगसाठी तर क्रॅकची गरजच नाही. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड आणि युनिकोड फाँट आधीपासून असतात आणि ते विनामूल्य आहेत.

दुसरी पायरी: विंडोजची आवृत्ती आणि परवाना तपासा

सेटिंग्ज उघडून 'सिस्टीम' आणि त्यात 'अबाउट' येथे गेल्यास विंडोजची आवृत्ती दिसते. विंडोज 7चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 रोजी थांबले, तर विंडोज 10चा नियमित आधार (कंपनीकडून मिळणारे अपडेट आणि मदत) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 10 वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची, नोंदणी केल्यावर मिळणारी एक मुदतवाढ जाहीर केली, ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची आहे. विंडोजमधील अँटिव्हायरसच्या व्हायरस-ओळखीच्या याद्या विंडोज 10 वर ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळत राहतील, असेही कंपनीने सांगितले आहे. यावरून अनेकांचा असा समज होतो की अँटिव्हायरस अद्ययावत आहे म्हणजे कॉम्प्युटर सुरक्षित आहे. हा समज धोक्याचा आहे. अँटिव्हायरस आलेला हानिकारक प्रोग्राम ओळखण्याचा प्रयत्न करतो, पण विंडोजमध्येच असलेली त्रुटी तो दुरुस्त करू शकत नाही.

मे 2017 मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय रॅन्समवेअरचे उदाहरण इथे लागू पडते. ज्या त्रुटीतून तो पसरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. ज्यांनी अपडेट घेतले होते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये तो त्या वाटेने शिरू शकला नाही, आणि ज्यांनी ते पुढे ढकलले होते त्यांना दोन महिन्यांनी त्याची किंमत मोजावी लागली. म्हणून सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी बाजूला काढलेले पैसे आणि आधार संपलेला कॉम्प्युटर अशी स्थिती असेल, तर ते पैसे आधी विंडोज 11 कडे जाण्यासाठी वापरावेत. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण, टीपीएम 2.0 (कॉम्प्युटरमधील सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कॉम्प्युटर त्यात बसत नसेल आणि त्यावर केवळ ब्राउझर व लेखन एवढेच काम असेल, तर विंडोजऐवजी उबंटू किंवा लिनक्स मिंट ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवून घेणे हा मुदत संपलेल्या विंडोजवर पैसे देऊन अँटिव्हायरस टाकण्यापेक्षा चांगला मार्ग आहे.

परवान्याचा मुद्दा थोडा अवघड असला तरी टाळता येणार नाही. असेंबल करून घेतलेल्या अनेक डेस्कटॉपवर विंडोज परवान्याशिवाय, एखाद्या 'अ‍ॅक्टिव्हेटर' प्रोग्रामच्या मदतीने चालू केलेले असते. असा प्रोग्राम चालावा म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला विशिष्ट फोल्डर, कधी कधी संपूर्ण सी ड्राइव्ह, न तपासण्याची सूचना देऊन ठेवलेली असते. परिणामी सगळी हिरवी चिन्हे दिसत असतात, पण ज्या ठिकाणी धोका आहे तिथे कोणीही पाहत नसते. हे तपासण्यासाठी 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'मॅनेज सेटिंग्ज' आणि खालच्या बाजूला 'एक्सक्लुजन्स' येथे जावे. सर्वसाधारण घरगुती कॉम्प्युटरवर ही यादी रिकामी असायला हवी. तिथे आपण स्वतः न घातलेली नोंद आढळली तर ती काढून टाकून लगेच पूर्ण स्कॅन करावे. ही एक तपासणी करायला दोन मिनिटे लागतात आणि माझ्या अनुभवात तिच्याइतके उघड करून दाखवणारी दुसरी तपासणी नाही. नवा असेंबल डेस्कटॉप घेताना विंडोजचा परवाना बिलावर स्वतंत्र नोंदवून मागावा.

तिसरी पायरी: जे आधीच मिळालेले आहे ते नीट चालू करा

विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस मुळातच असतो. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत आणि त्याची मुदत संपत नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्याला दुय्यम मानले जाई, परंतु स्वतंत्र प्रयोगशाळांच्या चाचण्यांमध्ये तो आता नामवंत सशुल्क उत्पादनांच्या बरोबरीने गुण मिळवतो. ज्यांचे विंडोज अद्ययावत आहे, जे क्रॅक वापरत नाहीत आणि ज्यांचे काम मुख्यतः ब्राउझरमध्ये चालते, अशा बहुसंख्य घरांना तो पुरेसा आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. अट एवढीच की त्याची पुढील सेटिंग्ज एकदा स्वतः पाहून घ्यावीत.

'रिअल-टाइम प्रोटेक्शन' आणि 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' ही दोन्ही चालू असली पाहिजेत. पहिल्यामुळे फाइल उघडण्याच्या क्षणी तपासली जाते आणि दुसऱ्यामुळे अगदी नव्या, यादीत न आलेल्या प्रोग्रामची चौकशी इंटरनेटवरून होते. 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू असेल तर एखादा हानिकारक प्रोग्राम डिफेंडरची सेटिंग्ज गुपचूप बदलू शकत नाही. 'अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल' या विभागात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन' असते. त्यातील नको असलेले प्रोग्राम अडवण्याचा पर्याय अनेक कॉम्प्युटरवर बंद आढळतो. फुकट सॉफ्टवेअरबरोबर नकळत बसणारे टूलबार आणि 'कॉम्प्युटर वेगवान करा' म्हणणारे प्रोग्राम त्यामुळे अडतात, म्हणून तो चालू करावा.

रॅन्समवेअरपासून संरक्षण देणारा 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' हा पर्याय सहसा बंद असतो. तो चालू केल्यास 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' यांसारख्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रामला बदल करता येत नाही. ज्या घरात हिशेबाच्या फाइली आहेत तिथे याची मी विशेष शिफारस करतो. मात्र हे करताना टॅली, जुने डीटीपीचे सॉफ्टवेअर किंवा मराठी टायपिंगचा एखादा जुना प्रोग्राम अडवला जाण्याची शक्यता असते. तसे झाल्यास त्याच ठिकाणी असलेल्या यादीत फक्त त्या प्रोग्रामला परवानगी द्यावी, संपूर्ण संरक्षण बंद करू नये. शिवाय टॅलीचा डेटा अनेकदा 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसून दुसऱ्याच ड्राइव्हवर असतो, तेव्हा तो फोल्डर संरक्षित यादीत स्वतः घालावा लागतो.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत कॉम्प्युटरच्या पूर्ण स्कॅनवर विसंबून राहू नये. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह लावल्यावर तो उघडण्याआधी त्याच्यावर माउसचे उजवे बटण दाबून डिफेंडरने स्कॅन करण्याचा पर्याय निवडावा. ही सवय घरातल्या प्रत्येकाला लावावी.

रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते तयार करावे आणि मुलांना तर तेच द्यावे. त्या खात्यावरून काम करताना नवा प्रोग्राम बसवताना पासवर्ड मागितला जातो आणि निर्णय घरातील जबाबदार व्यक्तीकडे राहतो.

चौथी पायरी: पैसे देण्याचे कारण आहे का, ते ठरवा

सशुल्क उत्पादन घेण्याची खरी कारणे असतात, परंतु "फुकटचे ते चांगले कसे असणार" हे त्यांपैकी नाही. पहिले खरे कारण माणसाच्या मदतीचे आहे. घरात कोणालाही तांत्रिक गोष्टी समजत नसतील आणि अडचण आल्यावर फोनवर बोलायला किंवा दुकानात कॉम्प्युटर घेऊन जायला कोणी हवे असेल, तर ती सेवा विकत घेण्यात काहीही गैर नाही. पुण्याची क्विक हील ही कंपनी आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती मुख्यतः विक्रेत्यांच्या जाळ्यामुळे, आणि तिचे उत्पादन बसवता-काढता येणारा माणूस शहराच्या बहुतेक भागांत सापडतो. चेन्नईची के7 ही कंपनीसुद्धा जुनी आणि भारतीय आहे.

दुसरे कारण दुरून लक्ष ठेवण्याचे आहे. अनेक सशुल्क उत्पादनांत एका ऑनलाइन खात्यातून सगळ्या कॉम्प्युटरची स्थिती दिसते. नागपुरात एकटे राहणाऱ्या आईवडिलांचा लॅपटॉप शेवटचा कधी अद्ययावत झाला, हे परगावी असलेल्या मुलीला पाहता येणे ही सोय मला खरोखर मोलाची वाटते. तिसरे कारण एकाच परवान्यात विंडोज, मॅक आणि अँड्रॉइड अशी अनेक उपकरणे येण्याचे आहे, आणि चौथे, मुलांच्या वापरावर बारीक नियंत्रण हवे असण्याचे. हे चौथे मात्र मायक्रोसॉफ्टच्या 'फॅमिली' सुविधेत आणि गूगलच्या 'फॅमिली लिंक'मध्ये बऱ्याच अंशी विनामूल्य मिळते, त्यामुळे आधी ते वापरून पाहावे.

व्हीपीएन (इंटरनेटची जोडणी इतरांपासून लपवणारी सेवा), पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम, 'ट्यून-अप' यांसाठी महागडा 'टोटल' संच घेण्याची घाई करू नये. बँकेचे संकेतस्थळ मुळातच सांकेतिक (मधल्या कोणाला वाचता न येणाऱ्या) जोडणीवर चालते, संचातल्या व्हीपीएनला अनेकदा रोजच्या डेटाची मर्यादा असते आणि 'ट्यून-अप' करणारी साधने विंडोजच्या स्वतःच्या साफसफाईपेक्षा फारसे वेगळे काही करत नाहीत. पासवर्डसाठी बिटवॉर्डनसारखा स्वतंत्र प्रोग्राम विनामूल्य उपलब्ध आहे आणि अँटिव्हायरस बदलला तरी तो तसाच राहतो.

मॅक वापरणाऱ्यांसाठी इतकेच सांगणे पुरे की त्यात एक्सप्रोटेक्ट आणि गेटकीपर ही संरक्षणे मुळातच आहेत, आणि सर्व अपडेट वेळेवर घेणे हे तिथेही पहिले काम आहे.

पाचवी पायरी: उत्पादनांची तुलना कशाच्या आधारे करावी

'या वर्षीचे सर्वोत्तम 10 अँटिव्हायरस' अशा शीर्षकाच्या याद्या इंटरनेटवर पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येक याद्या तयार करणाऱ्यांना त्या दुव्यावरून झालेल्या प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते, म्हणून त्यांच्यावर निवड आधारू नये. त्याऐवजी जर्मनीतील मॅग्डेबर्गची एव्ही-टेस्ट, ऑस्ट्रियातील इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज आणि लंडनची एसई लॅब्स या प्रयोगशाळांचे अहवाल पाहावेत. ते त्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचता येतात.

एव्ही-टेस्ट संरक्षण, कॉम्प्युटरच्या वेगावरील परिणाम आणि वापरसुलभता या तीन बाबींना प्रत्येकी 6 असे एकूण 18 गुण देते. संरक्षणाच्या स्तंभात बहुतेक नामवंत उत्पादने 6 किंवा त्याच्या अगदी जवळ असतात. अर्ध्या गुणाच्या फरकावरून एकाला श्रेष्ठ आणि दुसऱ्याला कनिष्ठ ठरवण्यात अर्थ नाही. निवड करताना माझी नजर इतर दोन स्तंभांवर अधिक असते. वापरसुलभतेचे गुण प्रामुख्याने निर्दोष फाइलीला व्हायरस ठरवण्याच्या चुकांवरून ठरतात. अशा चुका वारंवार करणारे सॉफ्टवेअर घरातल्यांना सूचनांकडे दुर्लक्ष करायला शिकवते, आणि मग खरी सूचनाही दुर्लक्षिली जाते. शिवाय एकाच अहवालावर न थांबता एकाच उत्पादनाचे लागोपाठचे तीनचार अहवाल पाहावेत. एखाद्या वेळचे उत्तम गुण सातत्य सिद्ध करत नाहीत.

वेगाचा प्रश्न आपल्या शहरात आणखी महत्त्वाचा आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना, कूलरच्या खोलीतसुद्धा, जुना लॅपटॉप आधीच तापलेला असतो. त्यात जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आणि 4 जीबी रॅम असेल तर दुपारी सुरू झालेले पूर्ण स्कॅन त्याला अक्षरशः थांबवून ठेवते. अशा कॉम्प्युटरसाठी हलके उत्पादन निवडावे, पूर्ण स्कॅनची वेळ सकाळची ठेवावी आणि शक्य झाल्यास हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्यावी. हा बदल सर्वच कामांना जाणवतो.

त्यानंतर विश्वासाचा प्रश्न येतो, कारण अँटिव्हायरसला आपल्या कॉम्प्युटरमधील प्रत्येक फाइल पाहण्याचा अधिकार असतो. अव्हास्ट या कंपनीने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघड झाले, 2020 मध्ये ती उपकंपनी बंद करण्यात आली आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी अव्हास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. त्याच वर्षी अमेरिकेने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन रशियन कंपनी कॅस्परस्कीच्या उत्पादनांच्या विक्रीवर आपल्या देशात बंदी घातली. चाचण्यांमध्ये या कंपन्यांची उत्पादने चांगले गुण मिळवत आली आहेत, पण गुणांच्या तक्त्यात अशा गोष्टी दिसत नाहीत. नॉर्टन, अव्हास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावे आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत, हेही तुलना करताना माहीत असावे. उत्पादन कोणतेही घेतले तरी ते बसवल्यावर गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये जाऊन माहिती इतरांना देण्याचे आणि जाहिरातींचे पर्याय बंद करावेत.

शेवटी निवडलेल्या दोन उत्पादनांच्या चाचणी आवृत्त्या, एकाच वेळी नव्हे तर एकामागून एक, आपल्या कॉम्प्युटरवर आठवडाभर वापरून पाहाव्यात. नेहमीचे काम मंदावते का, टॅली आणि प्रिंटर चालतात का, सूचना समजतील अशा भाषेत येतात का, हे कोणताही अहवाल आपल्यासाठी सांगू शकत नाही.

सहावी पायरी: खरेदी

दुकानातून डबा घेत असाल तर तो सीलबंद आहे का, त्यावरील परवाना किती कॉम्प्युटरसाठी आणि किती वर्षांसाठी आहे, आणि तो सक्रिय करण्याची काही शेवटची तारीख दिली आहे का, हे पाहावे. मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जाणार की सक्रिय केल्यापासून, हे विचारून घ्यावे. पक्के बिल मागावे आणि परवान्याचा क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून ठेवावा. परवाना आपल्याच ई-मेलवर नोंदवला जावा, दुकानातील तंत्रज्ञाच्या नव्हे. पुढे कॉम्प्युटर फॉरमॅट करावा लागला की हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त, केवळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले क्रमांक घेऊ नयेत. ते दुसऱ्याच कोणाच्या परवान्यातले असू शकतात आणि मध्येच रद्द होतात.

ऑनलाइन खरेदीत पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत ठळक असते आणि नूतनीकरणाची किंमत बारीक अक्षरांत. निर्णय दुसऱ्या वर्षाच्या किमतीवरून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीची पूर्वसूचना बँकेने किमान 24 तास आधी द्यायची असते, त्यामुळे तसा संदेश आल्यावर तो न वाचता पुसू नये. आपोआप नूतनीकरण नको असेल तर खरेदीच्या दिवशीच खात्यात जाऊन ते बंद करावे.

सातवी पायरी: जुने काढणे, नवे बसवणे आणि तपासणे

एका कॉम्प्युटरवर सतत पहारा देणारी दोन अँटिव्हायरस सॉफ्टवेअर कधीही ठेवू नयेत. दोघेही एकच फाइल एकाच वेळी तपासू लागतात, एकमेकांच्या कामाला संशयास्पद ठरवतात आणि कॉम्प्युटर संथ होतो. दुसरे उत्पादन बसवले की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, ही व्यवस्था विंडोजने केलेली आहे. पण दोन बाहेरची उत्पादने असतील तर ती जबाबदारी आपली असते.

आधी नव्या उत्पादनाची बसवण्याची फाइल कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून ठेवावी. मग सेटिंग्जमधील 'अ‍ॅप्स'मधून जुने सॉफ्टवेअर काढावे आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा. बहुतेक कंपन्या उरलेले अवशेष काढण्यासाठी एक वेगळे साधन देतात, तेही चालवावे. लॅपटॉपबरोबर आलेले आणि मुदत संपलेले चाचणी अँटिव्हायरस असेच मुळापासून काढायला हवे, कारण ते ना स्वतः नीट काम करते ना डिफेंडरला निर्धास्तपणे काम करू देते. या मधल्या काळात डिफेंडर चालू झाला आहे याची खात्री करून नवे उत्पादन बसवावे, त्याची व्हायरस-ओळखीची यादी अद्ययावत करावी आणि पहिले पूर्ण स्कॅन करावे. हे सर्व करताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडावी, किंवा डेस्कटॉप यूपीएसवर असावा.

संरक्षण खरोखर चालू आहे का, हे तपासण्यासाठी आयकार नावाची एक चाचणी फाइल असते. ती केवळ 68 अक्षरांची, पूर्णपणे निरुपद्रवी फाइल आहे आणि सगळ्या प्रमुख अँटिव्हायरसनी तिला व्हायरससारखे पकडायचे, असा संकेत आहे. आयकार संस्थेच्या संकेतस्थळावरून ती उतरवण्याचा प्रयत्न करावा. सॉफ्टवेअरने लगेच अडवली तर पहारा चालू आहे. फाइल शांतपणे उतरली तर सेटिंग्ज पुन्हा तपासावीत. एखाद्या फाइलीविषयी शंका असेल तर व्हायरसटोटल या गूगलच्या मालकीच्या सेवेवर ती अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून घेता येते, मात्र आधार कार्ड, बँकेचे उतारे असे खासगी कागद तिथे चढवू नयेत.

जे सॉफ्टवेअरच्या हातात नाही

वीजबिल थकल्यामुळे आज रात्री पुरवठा तोडला जाईल, असा संदेश महाराष्ट्रात असंख्य लोकांना आला. त्यातील क्रमांकावर फोन केला की एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखा प्रोग्राम बसवायला सांगतात आणि मग समोरच्याला आपला स्क्रीन दिसू लागतो. हे दोन्ही प्रोग्राम कायदेशीर आहेत, कार्यालयांत रोज वापरले जातात, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना अडवेलच असे नाही. घरातल्या ज्येष्ठांना हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे की फोन करणारा महावितरणचा, बँकेचा किंवा मायक्रोसॉफ्टचा असल्याचे सांगत असला, तरी त्याच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरवर काहीही बसवायचे नाही, आणि शंका आल्यास आधी घरच्यांना फोन करायचा.

'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले' अशी, नामांकित अँटिव्हायरसचे चिन्ह लावलेली खिडकी कोपऱ्यात उघडत असेल, तर ती बहुतेक वेळा एखाद्या संकेतस्थळाला चुकून दिलेल्या सूचनांच्या परवानगीमुळे येते. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज' आणि 'नोटिफिकेशन्स' असे जाऊन अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढली की त्या खिडक्या थांबतात. त्यावर क्लिक करून काहीही विकत घेऊ नये.

रॅन्समवेअरविरुद्ध शेवटचा खात्रीचा आधार बॅकअपचाच आहे. बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, आठवड्यातून एकदा हिशेब, फोटो आणि कागदपत्रे तिच्यावर उतरवावीत आणि काम झाल्यावर ती काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क त्याच हल्ल्यात कुलूपबंद होते.

संसर्ग झाल्याचा संशय आला तर आधी इंटरनेट बंद करावे. मग विंडोज सिक्युरिटीतील 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस (ऑफलाइन स्कॅन)' चालवावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासणी करते आणि साधारण 15 मिनिटांत होते. दुसरे मत हवे असल्यास मालवेअरबाइट्सची विनामूल्य आवृत्ती किंवा सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राने विनामूल्य दिलेली साधने वापरता येतात. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून. फाइली कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी देण्याआधी युरोपोल आणि डच पोलीस यांच्या सहभागाने चालणाऱ्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर त्या प्रकाराची किल्ली उपलब्ध आहे का ते पाहावे. आज नसेल तरी कुलूपबंद फाइलींची एक प्रत जपून ठेवावी, कारण काही किल्ल्या नंतर प्रसिद्ध होतात. खात्यातून पैसे गेले असतील तर कॉम्प्युटर साफ करण्यात वेळ घालवू नये. तत्काळ 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. सुरुवातीच्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढच्या खात्यांत गोठवली जाण्याची शक्यता बरीच जास्त असते. स्क्रीनचे फोटो, आलेले संदेश आणि व्यवहाराचे क्रमांक पुसू नयेत; शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात जाताना तेच सोबत न्यावे लागतात.